स्टायपरस्टोन्स आणि स्नेलबीचची शिशाची खाण: आधी खाण बघा, मगच वर चढा

बर्मिंगहॅमच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना डोंगर म्हटलं की पीक डिस्ट्रिक्ट नाहीतर थेट स्नोडोनिया, मधलं श्रॉपशर कुणाच्या गावीही नसतं. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. सासू-सासरे साताऱ्याहून आले होते, आईंचा गुडघा, बाबांचा इतिहास आणि आमच्या लेकीचा मोबाईल, ह्या तिन्ही गोष्टी सांभाळून एका दिवसात जमेल असं काहीतरी हवं होतं आणि ते इथे बऱ्यापैकी जमलं.

तर स्टायपरस्टोन्स म्हणजे श्रॉपशरच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीजवळ असलेली आठेक किलोमीटर लांब डोंगराची सोंड. वर सगळं हेदरचं, म्हणजे जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांचं माळरान आणि त्यातून मोडक्या दातांसारखे वर आलेले खडकांचे सुळके. सगळ्यात उंच तो मॅनस्टोन रॉक, ५३६ मीटर. कळसूबाई केलेल्या माणसाला सांगायलाही लाज वाटेल अशी उंची, पण वारा असा की टोपी एका हाताने धरूनच फोटो काढायचे. आणि ह्या डोंगराच्या पायथ्याशी स्नेलबीच नावाचं छोटंसं गाव, तिथे शिशाची जुनी खाण. बहुतेक लोक गाडी थेट वरच्या पार्किंगला लावतात, सुळक्यांवर फोटो काढतात, केक खातात आणि घरी जातात. माझं म्हणणं असं की हे उलटं आहे. खाण न बघता वर गेलात तर छान जांभळा डोंगर दिसेल, बास. खाण बघून गेलात तर वरची पायवाट, पडकी घरं, झुडपांवरची बेरी, भुताच्या गोष्टी, सगळ्याचा एकमेकांशी संबंध लागतो.

खाणीचं काम श्रॉपशर माइन्स ट्रस्टचे व्हॉलंटिअर बघतात. जमिनीखालची टूर रोज नसते, ठराविक दिवशीच असते, त्यामुळे आधी वेबसाइट बघूनच निघा, नाहीतर नुसत्या बाहेरच्या इमारती बघून याल (तीही वाईट नाही, बाहेरचं सगळं फुकटात हिंडता येतं). डोक्याला हेल्मेट, दिवा, आणि मग आडव्या बोगद्याने आत. ओल असते, पाणी ठिबकतं, बऱ्याच ठिकाणी वाकून चालावं लागतं. बाबा सहा फुटी, त्यांचं हेल्मेट दर दोन मिनिटांनी टक्क करून वाजत होतं आणि प्रत्येक वेळी ते दगडाला "सॉरी" म्हणत होते.

आमचे गाइड आजोबा सत्तरीचे असतील, बोलण्याची घाई अजिबात नाही, आणि प्रश्न विचारलेला त्यांना मनापासून आवडतो. त्यांनी हातात गॅलेनाचा एक तुकडा दिला. जेमतेम लिंबाएवढा, पण हात खाली गेला इतका जड, पाण्याच्या साडेसातपट घनता. नीट बघितलं तर चौकोनी पायऱ्या पायऱ्या, आणि ताज्या तुटलेल्या बाजूला स्टीलच्या भांड्यासारखी चकाकी, बाजूला चिकटलेला कॅल्साइट नावाचा पांढराशुभ्र दगड. हेच ते शिशाचं खनिज. आपल्याकडे जो सुरमा मिळतो त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत हेच गॅलेना निघालंय, म्हणून इथले डॉक्टर बाळांच्या डोळ्यात सुरमा घालू नका म्हणून कानीकपाळी ओरडत असतात. हे मी आईंना तिथेच सांगितलं. आई काही बोलल्या नाहीत, पण तो दगड लगेच परत दिला आणि रुमालाला हात पुसले. तुम्हीही खाण्याआधी हात धुवा, आणि लहान मुलांना बाहेरच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर खेळायला सोडू नका, शिसं आहे ते.

आता हे शिसं इथेच का, तर बोगद्यात त्याचं उत्तर समोर भिंतीवरच दिसतं. सुळक्यांचा क्वार्टझाइट, म्हणजे वाळूपासून बनलेला कडक खडक, साधारण ४८ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याला लागून मिटन फ्लॅग्ज नावाचे थर. त्या थरांतल्या भेगांमधून खोलवरचं गरम खारं पाणी वर आलं, आणि त्यावर होप शेल नावाच्या चिखलाच्या खडकाचं झाकण, त्यातून पाणी पुढे जाईना, मग सगळा माल भेगेतच साठला. म्हणून खाण पसरत गेली नाही, भेगेच्या मागे मागे खालीच गेली, सुमारे ५०० मीटर. एवढ्याशा जागेतून एवढं शिसं युरोपात दुसरीकडे कुठे निघालं नाही असं इथले लोक छाती फुगवून सांगतात. रोमन लोकांनाही ह्याचा पत्ता होता, सम्राट हेड्रियनचं नाव ठोकलेली शिशाची लगड ह्याच भागात सापडलेली आहे. बाबा तिथे जे थांबले ते थांबलेच, गाइड आजोबा आणि ते, एकाला मराठी येत नाही आणि दुसऱ्याचं इंग्लिश बँकेतल्या पत्रव्यवहाराचं, तरी दोघांचं छान चाललं होतं.

बाहेर इमारती भरपूर आहेत. पाणी उपसायच्या वाफेच्या कॉर्निश इंजिनाचं घर, लोहारशाळा, कॉम्प्रेसर हाउस, खाणकामगारांची कपडे बदलायची खोली, मेणबत्त्या ठेवायचं वेगळं घर. त्या मेणबत्त्यांचं ऐकून माझंच डोकं फिरलं. कामगारांच्या टोळ्या कंपनीशी भाव ठरवून काम घ्यायच्या, आणि मेणबत्त्या, सुरुंगाची दारू वगैरेचा खर्च त्यांच्याच कमाईतून कापला जायचा. म्हणजे अंधारात काम करायचं आणि उजेडाचे पैसेही आपणच भरायचे.

जॉर्जेस शाफ्ट नावाच्या खाणीच्या उभ्या विहिरीपाशी मात्र सगळे गप्प होतात. ६ मार्च १८९५ ला सकाळी माणसांना खाली नेणाऱ्या पिंजऱ्याचा दोर तुटला, ७ जण गेले. गाइडने हे सांगताना आवाज चढवला नाही की नाटक केलं नाही, तारीख सांगितली, काय झालं ते सांगितलं आणि पुढे चालायला लागले. मला ते आवडलं. हल्ली असल्या ठिकाणी पुतळे, साउंड इफेक्ट, रडण्याचे रेकॉर्डिंग असलं काहीही लावतात, इथे तसलं काही नाही.

१९११ मध्ये पंप बंद केले आणि खालची खाण पाण्याने भरली, ती तशीच आहे. त्यानंतर वरच्या भागातून बॅराइट नावाचं दुसरं खनिज काढायचं काम १९५५ पर्यंत थोडंथोडं चालू होतं. उरला तो पांढरा ढीग, पूर्वी लांबून दिसायचा म्हणे, आता बराचसा मातीने झाकलाय. त्यातले खडे घरांच्या भिंतींवर चिकटवायला विकले जायचे. इकडे सेमी-डिटॅच्ड घर घेतलेल्या सगळ्यांना ती खडेवाली भिंत माहितीच असेल, जिला घासून स्वेटरचे धागे निघतात. आमच्याही घराला आहे, आता तिच्याकडे बघायची नजर बदलली, राग तेवढाच आहे. पॉन्ट्सबरीपर्यंत जाणारी एक छोटी नॅरोगेज रेल्वेही होती, १८७७ ची, तिचं गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, २ फूट ४ इंच असं जगावेगळं. रेल्वेप्रेमींनी त्यासाठी वेगळा तास ठेवावा, आम्ही नाही ठेवला.

मग वर. आई-बाबा आणि नवरा गाडीने डोंगराच्या दुसऱ्या टोकाच्या बॉग नावाच्या ठिकाणी गेले, मी आणि लेक स्नेलबीचहून चढलो. सुरुवातीची चढण दमवते. वाटेत ब्लेकमूरगेटला खाणकामगारांची दगडी घरं आहेत, दुरुस्त करून ठेवलेली. माळावर एका रात्रीत घर उभं करायचं आणि सकाळी धुराड्यातून धूर दिसला की ते घर तुमचं, अशी पूर्वी समजूत होती. दिवसा खाणीत, उरलेल्या वेळात एखाद-दुसरी गाय आणि जमिनीचा तुकडा. माती इतकी आंबट आणि गरीब की शेती होण्यासारखी नाही, हेदर आणि विनबेरीच काय ती मजेत वाढतात.

ही विनबेरी म्हणजे गुडघ्याएवढ्या झुडपावरची छोटी निळी-काळी बेरी, जुलै-ऑगस्टमध्ये पिकते, बोटं आणि जिभा जांभळ्या होतात. बायका-मुलं दिवसभर वाकून ती गोळा करायची आणि विकायची, घरखर्चाला तेवढाच हातभार. लेकीने मोबाईल खिशात ठेवलेला मी ह्या पूर्ण दिवसात इथेच पाहिला.

ऑगस्टमध्ये हेदर फुललेला असतो तेव्हा डोंगर खरोखर जांभळा दिसतो, फिल्टर लागत नाही. मधे इथे बऱ्याच भागात सूचिपर्णी झाडांची लागवड केली होती, १९९८ पासून 'बॅक टू पर्पल' नावाखाली ती काढून पुन्हा माळ केला. झाडं तोडून निसर्ग वाचवायचा हे आपल्याला पटकन पचत नाही, मलाही वाचताना विचित्र वाटलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर कळतं, ह्या उघड्या माळावरच जगणारे जीव आहेत. रेड ग्राउस नावाचा गुबगुबीत तांबूस पक्षी पायाशी येईपर्यंत दिसत नाही आणि मग फडफड करत उडतो, ओरडतो "गो-बॅक गो-बॅक गो-बॅक". इंग्लंडात राहणाऱ्या देशी माणसाला भर माळावर हे ऐकून काय वाटतं ते विचारू नका. रेव्हन म्हणजे मोठे डोंबकावळे सुळक्यांवर असतात, स्टोनचॅट नावाचा छोटा पक्षी दोन गोट्या एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज काढतो, वसंतात गेलात तर लांब वाकड्या चोचीच्या कर्ल्यू पक्ष्याची शीळही कानावर पडू शकते, आता फार कमी उरलेत.

वाटेबद्दल मात्र स्पष्ट सांगते. डोंगराच्या सोंडेवरची पायवाट म्हणजे नुसते टोकदार, हलणारे दगड. हिमयुगात भेगांतलं पाणी गोठून गोठून खडक फुटला आणि त्याचे तुकडे सगळीकडे पडले, आणि तेच आपण तुडवायचे. घोटा झाकणारे बूट हवेतच, चपला-सँडलवाले परत फिरताना पाहिले. वरच्या नोल्स पार्किंगपासून काही अंतर सोपी वाट आहे, आईंनी तेवढंच केलं आणि बाकावर बसून मजेत वेल्सचे डोंगर बघितले.

सुळक्यांमधला सगळ्यात प्रसिद्ध डेव्हिल्स चेअर. सैतान ॲप्रनमध्ये दगड घेऊन चालला होता, दोरी तुटली आणि दगड सांडले ते हे. वर ढग उतरले की सैतान खुर्चीत येऊन बसलाय म्हणायचं. पण मला त्याहून वाइल्ड एड्रिक आवडला. हा नॉर्मन लोकांशी लढलेला सॅक्सन सरदार, पुढे त्यांच्याच विल्यम राजाशी तह केला म्हणून बायको गोडा आणि साथीदारांसकट शिशाच्या खाणीत कायमचा कोंडला गेला. खाणीत ठकठक ऐकू आली तर ते एड्रिकचे लोक, आणि युद्ध येणार असेल तर तो शत्रूच्या दिशेला घोडदौड करत बाहेर पडतो. सकाळी आत जाऊन आल्यामुळे ही गोष्ट लेकीला पटली, नुसती वर सांगितली असती तर तिने डोळे फिरवले असते.

बॉग व्हिजिटर सेंटर म्हणजे व्हिक्टोरियन काळातली शाळा, अजून गॅसच्या दिव्यांवर चालते. इथेही खाणीचं मोठं गाव होतं, १९७२ मध्ये उरलंसुरलं पाडलं, शाळा वाचली. व्हॉलंटिअर चालवतात, केक घरचे. चहा आपल्याला लागतो तसा नाही, पण गरम आणि भरपूर. आईंनी विनबेरीचा तुकडा खाऊन "करवंदाची सर नाही" असा निकाल दिला आणि दुसरा तुकडा मागवला.

स्टार द्यायचे तर खाणीला पाच, माळाला पाच, पायवाटेला दोन. मोबाईलला रेंज जवळपास नाही, मॅप आधी डाउनलोड करा. हिवाळ्यात सेंटर बंद असतं, तेव्हा डबा न्या. खरं तर उन्हाळ्यातही न्या, परतीच्या वाटेवर एका पबमध्ये आम्हाला किचन बंद झालं म्हणून चिप्सच्या पाकिटांवर भागवावं लागलं, आणि आईंनी केलेले धपाटे गाडीत होते म्हणून बाबांचा मूड टिकला.