चिंक्वे तेर्रेचं रेल्वे-कार्ड: जितकं चालाल तितकं कमी परवडतं

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर ला स्पेत्सिया आणि लेवांतो या दोन स्टेशनांच्या मधे पाच गावं कड्यांना चिकटून बसली आहेत, तीच चिंक्वे तेर्रे. ला स्पेत्सियाकडून मोजत गेलं तर रिओमाज्जोरे, मानारोला, कॉर्निलिया, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. 1997 पासून जागतिक वारसा यादीत, 1999 पासून राष्ट्रीय उद्यान. गाडी घेऊन जायचा विचार डोक्यातून काढून टाका. रस्ते अरुंद, वळणांचे आणि पार्किंग जवळपास नाहीच. इथे फिरायचं ते रेल्वेने आणि पायी. या दोन्हींसाठी मिळून जे दिवसाचं ‘ट्रेनो कार्ड’ विकलं जातं, ते डोळे झाकून घेण्यासारखं नाही.

2024 पासून दर तारखेनुसार बदलतात. शांत, मध्यम आणि गर्दीचा असे दिवसांचे तीन प्रकार. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं कार्ड अनुक्रमे 19.50, 27 आणि 32.50 युरो, एका फेरीचं सुटं तिकीट 5, 8 आणि 10 युरो. फक्त पायवाटांचं ट्रेकिंग कार्ड 7.50 युरोचं, गर्दीच्या दिवशी 15. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर आपली तारीख कुठल्या प्रकारात पडते ते बघून घ्या, कारण शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना एका दिवसाच्या फरकाने खिशाला चांगलीच कात्री लागते.

आता हिशेब. पायवाटा नकोच असतील, तर चार रेल्वेफेऱ्या झाल्याशिवाय कार्ड वसूल होत नाही. सशुल्क पायवाट घेणार असाल, तर तीन फेऱ्यांना वसूल होतं. गर्दीच्या दिवशी दोनच पुरतात. ला स्पेत्सियात मुक्काम आहे, सकाळी मोंतेरोस्सोपर्यंत गाडी, तिथून वेर्नात्सापर्यंत पायी, मग गाडीने मानारोला, संध्याकाळी परत ला स्पेत्सिया: कार्ड घ्या. पण मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा आणि पुढे कॉर्निलिया असे दोन्ही टप्पे चाललात, तर रेल्वेच्या फेऱ्या दोनच उरतात. मग शांत आणि मध्यम दिवशी ट्रेकिंग कार्ड आणि दोन सुटी तिकिटं स्वस्त पडतात. तिकीटखिडकीवर हे कुणी समजावून सांगत बसत नाही. सुटं तिकीट अंतरावर नाही, हेही ध्यानात ठेवा. रिओमाज्जोरे ते मानारोला हा दोन-तीन मिनिटांचा प्रवास आणि ला स्पेत्सिया ते मोंतेरोस्सो यांना तेवढेच पैसे. हा शुद्ध पर्यटककर आहे, दुसरं काही नाही.

गाडी मात्र झकास. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ‘चिंक्वे तेर्रे एक्सप्रेस’ दिवसभर धावते, भर हंगामात दोन्ही दिशांना तासाला साधारण तीन. नाव एक्सप्रेस असलं तरी ती प्रत्येक गावात थांबते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जेमतेम अर्ध्या तासात पोचवते. खिडकीतून समुद्र बघत जाऊ म्हणाल तर निराशा होईल. जवळजवळ सगळी वाट बोगद्यांतून आहे. मधेच निळा तुकडा चमकतो आणि परत अंधार.

बोगद्यांमुळेच एक घोळ होतो. वेर्नात्साचा फलाट गावाच्या दोन डोंगरकडांमधल्या चिंचोळ्या जागेत कसाबसा बसवलेला आहे, त्यामुळे लांब गाडीचे टोकाचे डबे बोगद्यातच थांबतात. बाहेर काळोख, समोर ओली भिंत, खाली अरुंद फलाट. नवख्याला वाटतं गाडी सिग्नलला थांबली आहे, आणि दार उघडायचं बटण दाबेपर्यंत गाडी सुटते. रिओमाज्जोरेलाही हीच गत. म्हणून मधल्या डब्यात बसा, आधीचं स्टेशन गेलं की दाराशी उभे राहा आणि दिवा लागला की बटण स्वतः दाबा. दार आपोआप उघडेल या भरवशावर राहू नका.

साधारण दहा ते दुपारी चार या वेळेत फलाटांवर पाय ठेवायला जागा नसते. क्रूझवाल्यांचे आणि फ्लॉरेन्सहून एका दिवसासाठी आलेल्यांचे तांडे एकदमच उतरतात. दहाच्या आत पहिलं गाव गाठणं हाच त्यावर उपाय. कार्ड दुसऱ्या वर्गाच्या प्रादेशिक गाड्यांनाच चालतं. मोंतेरोस्सोला थांबणाऱ्या इंटरसिटीत ते घेऊन चढलात तर दंड भरावा लागेल. कागदी कार्डावर नाव लिहून पहिल्या प्रवासाआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा. मोबाइलवरच्या सुट्या तिकिटाला चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. तपासनीस येतात, आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

पायवाटांमध्ये मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा हा टप्पा सर्वांत सरस. साडेतीन किलोमीटर ऐकून तासाभरात उरकू असं वाटेल, पण दोन तास धराच. मोंतेरोस्सोच्या बाजूने सुरुवातीलाच पायऱ्यांचा दमछाक करणारा चढ आहे, मग द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागांमधून एकेरी वाट. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला टेकून उभं राहायचं. तरीही याच दिशेने या, कारण शेवटच्या उतारावर वेर्नात्साचं बंदर, चर्च आणि जुना बुरूज एकदम खाली दिसतात. गर्दीच्या काही दिवशी ही वाट याच दिशेने एकेरी केली जाते, म्हणजे दुसरा पर्यायही नसतो. माणशी दीड लिटर पाणी घ्या. गावांतल्या नळांचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली तिथे भरता येते.

चपला, फ्लिप-फ्लॉप घालून पायवाटेवर जाणाऱ्यांना 50 ते 2500 युरो दंडाची तरतूद आहे. झिजलेल्या तळाचे स्नीकर्सही नकोत. गुळगुळीत दगडावर पाय सटकतो.

वाटेच्या कडेला दिसणाऱ्या दगडी बांधांकडे जरा थांबून बघा. चुना-माती न वापरता नुसता दगडावर दगड रचून केलेले, थेट आपल्या कोकणातल्या गडग्यासारखे. शेती सोडून लोक निघून गेले, डागडुजी थांबली आणि उतार सुटू लागले. दरडी कोसळण्यामागे हे एक मोठं कारण आहे. 25 ऑक्टोबर 2011 च्या पुराने मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सा चिखलात गाडली गेली होती. म्हणूनच वादळी पावसाचा इशारा लागला की पायवाटा बंद होतात. त्या दिवशी वाद घालू नका, बेत बदला.

कॉर्निलिया ते मानारोला ही किनाऱ्यालगतची वाट बरीच वर्षं बंद आहे. तिच्याऐवजी डोंगरावरच्या वोलास्त्रा गावामार्गे वरून जाणारी वाट आहे, तिला कार्ड लागत नाही आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर तीच. युक्ती एवढीच, की मानारोलाहून वोलास्त्रापर्यंत बसने चढा (कार्डात धरलेली आहे) आणि तिथून कॉर्निलियाकडे चालत उतरा. तीनशे मीटरचा चढ वाचतो, द्राक्षमळ्यांमधली सपाट वाट मिळते. उलट बाजूने आलात तर कॉर्निलियाहून आधी खडा चढ आणि मानारोलाकडे शेकडो पायऱ्या उतरताना गुडघे बोलू लागतात.

कॉर्निलिया समुद्रापासून शंभरेक मीटर उंचावर, स्टेशन मात्र खाली. मधे 382 पायऱ्या. छोटी बस कार्डात येते, पण गाडी आली की तिला रांग लागते; धडधाकट माणूस पायऱ्यांनीच लवकर पोचतो.

रिओमाज्जोरे-मानारोला जोडणारा ‘व्हिया देल्लामोरे’ हा पायरस्ता 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाला आणि 2024 च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडला. जेमतेम 900 मीटर, सपाट. कार्डाव्यतिरिक्त 10 युरो आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते. चढ न झेपणारी ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जरूर घ्या. धडधाकट असाल तर तेच 10 युरो जेवणावर खर्च करा.

खाण्यात शाकाहाऱ्यांसाठी फारिनाता हा हुकमी पदार्थ: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. फोकाच्चा (जाड भाजलेला पाव) घेताना वर अँचोवी मासळी नाही ना, ते विचारा. मोंतेरोस्सो तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. पेस्तोत (बेसिलच्या हिरव्या चटणीत) लसूण आणि चीज असतंच.

मुक्काम लेवांतो किंवा ला स्पेत्सियात करा. दोन्ही कार्डाच्या हद्दीत येतात आणि जड बॅगा पायऱ्यांवरून ओढाव्या लागत नाहीत. रेल्वेच्या संपाची तारीख आधी जाहीर होते, ती तपासा: कामकाजाच्या दिवशी प्रादेशिक गाड्यांची हमी फक्त सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 असते. रविवारच्या संपात तीही नाही. समुद्र शांत असेल तर अशा दिवशी फेरीबोट कामाला येते, पण ती कॉर्निलियाला लागत नाही. त्या गावाला बंदरच नाही.