एम.ए. इंग्रजीला सिनेमाचा पेपर: नाशिकमध्ये घ्यावा का?

निकाल आधीच सांगून टाकतो: घ्या, पण वर्गात सिनेमा कसा दाखवतात ते बघून मगच.

'साहित्य आणि सिनेमा' किंवा तत्सम नावाचा ऐच्छिक पेपर चार क्रेडिटचा असला, तर मामला साधारण ६० तासांचा. एवढ्या वेळात कॅमेरा हातात येत नाही की एडिटिंग शिकवलं जात नाही. दिग्दर्शक व्हायचं असेल तर पत्ता चुकला. इथे मिळतं ते बघितलेल्यावर नेमकं लिहायचं शिक्षण, आणि त्या बाबतीत इंग्रजी विभागाचा हात धरणं अवघड आहे. कादंबरीतला निवेदक कोण आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे विचारायची ज्याला सवय आहे, त्याला कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतोय हे लवकर कळतं. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांचा पुरुषी नजरेवरचा १९७५ चा निबंध या विभागात चांगला पचतो तो त्यामुळेच.

दुखणं वेगळंच आहे. साहित्याची मुलं सिनेमा 'वाचतात', बघत नाहीत. उत्तरपत्रिका उघडा: पुस्तकात हे होतं, सिनेमात गाळलं, शेवट बदलला, म्हणून सिनेमा कमी पडला. चार पानं कथासार आणि शेवटी सिद्धांताची फोडणी. संपूर्ण उत्तरात एका कटचा (एक चित्रण तुटून दुसरं जोडलं जातं त्या जागेचा) उल्लेख नसतो.

यावर औषध एकच, शॉटचा (दोन कटांमधल्या सलग चित्रणाचा) तक्ता. तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. वहीत सहा रकाने आखा: शॉटचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, शॉटचा आकार (क्लोज-अप, मिड, लाँग), कॅमेऱ्याची हालचाल, आवाज. पहिल्या फेरीत आवाज बंद ठेवून फक्त कट मोजा. दुसऱ्या फेरीत पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. रकाने भरायचे ते तिसऱ्या फेरीत. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' हे अक्षर दाबत गेलं की सिनेमा एकेक फ्रेम (सुटं चित्र) पुढे सरकतो, कट नेमका कुठे आहे ते सापडतं. १८० सेकंदांत ३० शॉट निघाले तर सरासरी सहा सेकंद. पण नुसती सरासरी मिरवून उपयोग नाही. पाच-सहा सेकंदांच्या रांगेत एखादा शॉट अचानक २५ सेकंद थांबतो, तिथे का थांबला हा तुमच्या निबंधाचा प्रश्न. बहुतेकांची चूक अशी होते की बोलणारा बदलला की कट झाला असं धरतात; प्रत्यक्षात वाक्य एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा असं सर्रास असतं. एका तीन मिनिटांना पहिल्या वेळी दोन-अडीच तास जातात, त्याची तयारी ठेवा. आणि कोणती प्रत बघितली ते नोंदवा. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ च्या वेगानं चालवलेल्या प्रतीत १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो, मग तुमच्या वेळा परीक्षकाच्या वेळांशी जुळत नाहीत.

प्रोजेक्टर हा वेगळाच रडगाण्याचा विषय. जुना, चौकोनी चौकटीचा सिनेमा रुंद पडदाभर ताणून दाखवला की सगळं सुमारे एक तृतीयांश रुंद होतं. चंद्र अंड्यासारखा दिसतो, चेहरे सुजल्यासारखे, आणि वर्गात चर्चा चालते 'फ्रेमच्या सौंदर्या'ची! सेटिंगमध्ये ४:३ निवडायला दहा सेकंद लागतात. मूकपटांचं तसंच: १६ फ्रेमच्या वेगानं चित्रित केलेला पट २४ नं चालवला की तासाचा ४० मिनिटांत उरकतो आणि सगळे तुरूतुरू पळतात. मुलं हसतात, दोष जातो फाळक्यांच्या माथी.

फाळक्यांवरून आठवलं. नाशिकमध्ये शिकत असाल तर हा विषय घरचाच आहे. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मृत्यू १९४४ चा, नाशिकमधला. मधे १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच उभी राहिली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे, पण अभ्यासाचं साहित्य पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच उरलंय, म्हणजे मधला सिनेमा हरवलेला असताना लिहायचं कसं, हा प्रश्न समोर तयार आहे.

प्रबंधासाठी आणखी एक विषय अक्षरशः दारात आहे: 'किंग लिअर'ची छाया असलेलं कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' (१९७०) आणि त्यावरचा २०१६ चा चित्रपट. लिअरशी साम्यांची यादी करत बसू नका, ती झालेली आहे. रंगमंचावरचं स्वगत प्रेक्षकांना उद्देशून असतं. कॅमेऱ्यासमोर तेच स्वगत कोण ऐकतंय, हे तक्ता मांडून दाखवा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तिसऱ्या सत्राला चार आणि चौथ्याला सहा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे, तिथे हे नीट बसतं.

नेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या) आशेनं हा पेपर घेत असाल तर जरा थांबा. इंग्रजीच्या नेट अभ्यासक्रमातल्या दहा घटकांत सिनेमाचा स्वतंत्र घटक नाही. कामाला येईल तो सांस्कृतिक अभ्यास आणि सिद्धांत यांच्या वाटेनंच.

अर्ज भरण्याआधी विभागात तीन गोष्टी विचारा. सिनेमे वर्गात थांबवून-थांबवून दाखवतात की 'घरी बघून या' म्हणतात? अंतर्गत गुणांत प्रसंगाचं विश्लेषण आहे का? स्पीकर प्रोजेक्टरच्या पोटातलाच आहे की वेगळा? 'कॉपीराइटमुळे दाखवता येत नाही' असं उत्तर मिळालं, तर १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ दाखवा: प्रेक्षक संस्थेतले शिक्षक-विद्यार्थीच असतील तर शैक्षणिक कामासाठी दाखवायला ते आड येत नाही. ओटीटीच्या खात्याच्या अटी मात्र निराळ्या असतात, म्हणून विभागाकडे डीव्हीडी आहेत का, तेही विचारून घ्या. आणि पुण्याला संग्रहालयात जाणार असाल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन, हव्या त्या सिनेमांची यादी आधी कळवूनच पुण्याची बस धरा.