बीएलडीसी पंखा: बिल बघून नाही, डीपी बघून घ्या

बीएलडीसी पंख्याबद्दल, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरच्या कमी वीज खाणाऱ्या पंख्याबद्दल, जे काही वाचायला मिळतं ते सगळं लाइट बिलाबद्दलच असतं, इतके वॅट वाचतात, वर्षाला इतके पैसे वाचतात वगैरे. ते काही खोटं नाही, पण त्या लिहिणाऱ्यांच्या घरी चोवीस तास २३० व्होल्ट येत असणार. आपल्या परभणी-हिंगोलीकडं, त्यातल्या त्यात जिंतूर-सेलूच्या खेड्यांत, मे महिन्यात संध्याकाळी गावातले सगळे कूलर एकदाच सुरू झाले की डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, असा लोड येतो की ट्यूब फडफडायला लागते आणि पंख्याची पाती मोजता येतील इतका तो हळू फिरतो. बाहेर ४२-४३ चा दिवस तापून गेलेला असतो, स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम, आणि नेमका तेव्हाच पंख्यात दम नाही. आमच्याकडं हे पंखे लावल्यापासून सगळ्यात मोठा फरक इथं पडलाय, बिलात नंतर.

त्याचं कारण असंय की साधा पंखा इंडक्शन मोटरचा, आणि तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं उतरतो. म्हणजे २३० चं १६० झालं तर व्होल्टेज ३० टक्के कमी झालं, पण मोटरचा जोर अर्ध्यावर येतो. बीएलडीसीत आधी एक कार्ड (आतला सर्किट बोर्ड) आलेल्या करंटचं डीसी करतं आणि मग तेच कार्ड मोटर फिरवतं, रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, कायमचे मॅग्नेट असतात त्यामुळं तिथं वेगळा करंट खर्च होत नाही. बऱ्याच पंख्यांच्या बॉक्सवर १४० ते २८५ व्होल्ट अशी रेंज छापलेली असते आणि माझ्या अनुभवात तेवढ्यात स्पीड खरंच हलत नाही. ट्यूब फडफडायलीय, फ्रिजला स्टॅबिलायझरनं बंद केलंय आणि वरचा पंखा मात्र आपला तसाच फिरायलाय, हे मी रोज बघते.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. लाइट जाणं आपल्याला नवीन नाही, वाऱ्यानं तार तुटली, डीपी जळाली, मग डीपीचं ऑइल आणायला कोण जातंय नि गाडी कधी येतेय यात रात्र जाते. हिशोब करून बघा. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, त्यातले हाताला १२०० लागले तरी खूप, जुनी बॅटरी असेल तर त्याहून कमी. साधा पंखा ७५ वॅट घेतो, असे तीन पंखे आणि दोन-तीन एलईडी बल्ब मिळून अडीचशे वॅट, म्हणजे पाच तासाच्या आत खेळ संपला, पहाटे दोनला सगळं घर उठून बसणार. बीएलडीसी फुल स्पीडला ३० वॅटच्या आसपास घेतो, तेच तीन पंखे आणि तेच बल्ब १२० वॅटमध्ये होतात, म्हणजे दहा तास, सकाळपर्यंत झोप. नवीन मोठी बॅटरी घ्यायच्या विचारात असाल तर आधी पंखे बदला, बॅटरी आहे तीच पुरते कदाचित. आणि जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधा पंखा जी घूं घूं करतो ती आमच्याकडं बंद झाली, आत्याबाईंना तर लाइट गेलेली कळतसुद्धा नाही आता.

बिलाचं थोडक्यात सांगते. ४५ वॅट वाचले, रोज १५ तास पंखा चालला तर महिन्याला एका पंख्यामागं २० युनिट. तीन पंखे म्हणजे ६०. शंभर युनिटच्या पुढं दर एकदम चढतो हे बिल बघणाऱ्या सगळ्यांना माहितीय, म्हणून वापर शंभराच्या बराच पुढं जात असेल तर हे ६० युनिट महाग दराचेच वाचतात. पण हे उन्हाळ्याचं झालं, डिसेंबर-जानेवारीत पंखा बंदच असतो, त्यामुळं वर्षभराच्या बचतीची जी जाहिरात असते ती आपल्या हवामानाला तशीच्या तशी लागू करू नका.

आता त्रासाचं. साधा पंखा बिघडला तर कंडेन्सर बदला, नाहीतर गावातला वाइंडिंगवाला दोन दिवसात तार भरून देतो, पन्नास वर्षांचा पंखा अजून फिरतोय अशी घरं आहेत. बीएलडीसीचं कार्ड उडालं की गावात कोणी हात लावत नाही. मागच्या वळवाच्या पावसात विजा कडाडल्या, लाइट दोन-चार वेळा आली-गेली आणि आमच्या मधल्या खोलीतला पंखा गप्प झाला. वॉरंटी होती, कंपनीनं कार्ड फुकट बदलून दिलं हे खरं, पण माणूस यायला किती दिवस लागले, फोनवर दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, पत्ता सांगितला की "ते गाव आमच्या एरियात येत नाही" असं उत्तर, यात ऐन मे महिन्यात त्या खोलीत झोपता आलं नाही. तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हिस देणारा माणूस आहे का हे दुकानदाराला आधी विचारा, आणि "आहे हो ताई" एवढ्यावर विश्वास न ठेवता नंबर घेऊन दुकानातूनच फोन लावा. ब्रँड कोणता यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत झालंय. आणि वीज कडाडायला लागली की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, नुसतं रिमोटनं बंद करून उपयोग नाही, कार्डात करंट चालूच असतो.

रिमोटचं पण बोलावं लागेल. लेकरं रिमोट उशीखाली, दिवाणाखाली, कुठंही टाकतात आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री अंधारात ते बटण सापडत नाही. आत्याबाईंच्या खोलीसाठी मी मुद्दाम भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारा बीएलडीसी घेतला, असे मॉडेल मिळतात, फक्त मागून घ्यावे लागतात. बाकी मॉडेलला जुना रेग्युलेटर मधून काढून थेट जोडणी करावी लागते, हे काही वायरमन करत नाहीत आणि मग पंखा झटके देतो म्हणून नाव पंख्याला. बैठकीत दोन पंखे असतील तर साध्या इन्फ्रारेड रिमोटनं दोन्ही एकदाच हलतात, तेही लक्षात असू द्या. टायमर आणि स्लीप मोड मात्र खरंच कामाचा, पहाटे हवा गार होते तेव्हा पंखा आपोआप कमी होतो, कोणाला उठावं लागत नाही.

पंखा हवा गार करत नाही, तो फक्त घाम वाळवतो. दुपारी खोलीतलीच हवा तापलेली असते तेव्हा कोणताही पंखा गरम झळाच मारणार, तिथं कूलरच पाहिजे, आपली कोरडी हवा कूलरला चांगली मानवते. पण कूलरला पाणी लागतं, आणि टँकरची वाट बघणाऱ्या गावात बादल्यांनी पाणी कूलरमध्ये ओतायला जीव होत नाही, म्हणून आमच्याकडं दुपारी तेवढा कूलर आणि रात्री फक्त पंखा असं ठरलंय.

घेताना स्टार बघा, जानेवारी २०२३ पासून सीलिंग पंख्यावर स्टारचं लेबल सक्तीचं आहे, आणि त्याच्याच बाजूला हवा किती देतो तो सीएमएमचा (मिनिटाला किती घनमीटर हवा) आकडा असतो. १२०० एमएमच्या पंख्याला २२० च्या आसपास असेल तर बरं, नुसते वॅट कमी आणि हवाही कमी असला पंखा घेऊन करायचं काय. किंमत साध्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त पडते. सगळ्या घरात एकदम लावायची गरज नाही, झोपायच्या खोल्यांत आधी लावा.

शेतात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, मात्र हा पंखा लावू नका. तिथं थ्री फेज, अर्थिंगचा पत्ता नाही, न्यूट्रल तुटला की बल्बाच्या लाइनवर चारशे व्होल्टपर्यंत येतं आणि कार्ड जागेवर जातं. आमच्या आखाड्यावर जुनाच पंखा आहे, जळाला तर वाइंडिंग करून आणता येतो.