गोडॉट ४ वर नऊ महिने: लातूरच्या पाण्याचा गेम आणि मराठी अक्षरं

एप्रिल २०१६ मध्ये मी सातवीत होते. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली ती १२ एप्रिलला. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकरची वाट बघणं त्यानंतरही चालूच होतं. नंबर धरायला ठेवलेल्या घागरी, आणि "टँकर येलालाय!" अशी हाळी आली की ताटावरून उठून पळायचं. त्याचाच गेम करायचा हे मनात पक्कं होतं. एक मुलगी, चार हंडे, घरात सहा माणसं, आणि आज कुणाला किती पाणी द्यायचं हा रोजचा प्रश्न. तो कुठल्या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवायचा, हे मात्र ठरत नव्हतं.

दिवसा मी मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहिते, रात्री जेवणं झाली की गेमचं काम. लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड जीबी. अनरियल हे इंजिन डाउनलोड करायलाच कित्येक दिवसांचा डेटा गेला असता, म्हणून ते पहिल्याच दिवशी बाद. युनिटी हे दुसरं इंजिन माझ्या चुलत भावाला येतं, त्यामुळे त्याचा विचार बरेच दिवस केला. पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीनं दर इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं आणि वर्षभरानं ते मागे घेतलं. माझ्याएवढ्या कमाईवर ती फी लागणारच नव्हती, तरी काम अर्ध्यावर असताना अटी बदलू शकतात ही भीती मनात बसली. तिसरं इंजिन गोडॉट. ते एमआयटी या मुक्त परवान्यावर आहे, कमाईतला वाटा कुणी मागत नाही. शंभर एमबीच्या आतली झिप, ती उघडली की काम सुरू. प्रकल्प बनवताना रेंडररमध्ये (पडद्यावर चित्र काढणारा भाग) 'कॉम्पॅटिबिलिटी' निवडलं, कारण ते ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवर चालतं आणि जुन्या यंत्राला झेपतं.

तरी माझा कौल पडला तो अक्षरांमुळे. गोडॉट ३ मध्ये देवनागरी टाकली तर 'किती'मधली पहिली वेलांटी क च्या नंतर जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी पडायची. मार्च २०२३ मध्ये ४.० आलं तेव्हा मजकूर मांडायची सगळी यंत्रणा नवी झाली. आत अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी आहे, त्यामुळे अक्षरं एकमेकांना नीट जोडली जातात. मी पहिल्याच दिवशी लेबलमध्ये, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकात, एक वाक्य टाकून पाहिलं: "शेजाऱ्यांच्या हंड्यात किती पाणी ओतू?" ऱ्या मधला अर्धा र, ड्या, पहिली वेलांटी, सगळं जागच्या जागी. ज्या गेममध्ये माणसं सारखी बोलत असतात त्याला यापेक्षा मोठी सोय नाही. कुठलंही इंजिन निवडण्याआधी असं एक अवघड मराठी वाक्य त्यात टाकून बघाच.

यात तीन गोष्टी मात्र माहीत असायला हव्यात. गोडॉटच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर आणि फोनवर ते सिस्टिमचा फॉन्ट उचलतं, म्हणून सगळं ठीक दिसतं. ब्राउझरसाठी गेम काढला की तिथे नुसते चौकोन. त्यामुळे फॉन्ट प्रकल्पातच ठेवून थीमला (गेमच्या दिसण्याची सेटिंग) लावा. मी नोटो सान्स देवनागरी वापरते. दुसरं, लेबलच्या भाषेच्या रकान्यात 'एमआर' हा मराठीचा संकेत भरा. तो भरला आणि फॉन्टमध्ये सोय असली की ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. शाळेत गिरवलेलाच ल पडद्यावर दिसला पाहिजे, या बाबतीत मी हट्टी आहे. तिसरी गोष्ट सापडायला मला आठवडा लागला. संवाद एकेक अक्षर करून दाखवायचा परिणाम लावला तर 'रात्री' लिहिताना आधी सुटा त, मग पाय मोडलेला त्, मग त्र, असं डोळ्यांदेखत होतं. लेबलमध्ये दिसणाऱ्या अक्षरांच्या वागणुकीची सेटिंग आहे, ती 'शेपिंगनंतर', म्हणजे अक्षरं जोडून झाल्यावर, अशी करा. मग जोडाक्षर पूर्ण तयार होऊनच येतं.

गोडॉटची प्रोग्रामिंग भाषा जीडीस्क्रिप्ट ही पायथॉन या भाषेसारखी आहे, मला महिन्याभरात हात बसला. सीनच्या (गेममधल्या दृश्यांच्या) फायली साध्या मजकुराच्या असतात, त्यामुळे गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, काय बदललं ते वाचता येतं. उन्हाळ्यात लाइट गेली आणि बॅटरी संपली तरी आधी कमिट केलेलं (गिटमध्ये नोंदवलेलं) सगळं जागेवर सापडलं.

त्रासाचंही सांगते. नेटवरचे पुष्कळ धडे अजून गोडॉट ३ चे आहेत. त्यातली नावं बदललीत: हलणाऱ्या पात्राचा कायनेमॅटिकबॉडी आता कॅरेक्टरबॉडी झालाय, कोडमध्ये थांबायला सांगणाऱ्या यील्डचा अवेट झालाय. नवख्याला वाटतं आपलंच चुकतंय. चौकोनी तुकड्यांनी नकाशा रचायचा टाइलमॅपसुद्धा ४.३ पासून मागे पडून टाइलमॅपलेअर आला. धडा उघडण्याआधी आवृत्ती बघायची सवय लावा. दुसरा डोंगर गेम अँड्रॉइड फोनसाठी काढण्याचा. गेम बाहेर काढायला लागणारं एक्सपोर्ट टेम्प्लेट एक जीबीच्या आसपास, वर जेडीके आणि अँड्रॉइड एसडीके ही साधनं, आणि गेम आपलाच आहे हे दाखवणारी सहीची की. इंजिन दहा मिनिटांत आलं, हा सगळा पसारा उतरवायला माझे तीन दिवसांचे पॅक गेले. ती की-फाइल आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा.

मोठा थ्रीडी गेम करणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, तो माझा अनुभव नाही. छोटा टूडी गेम, मराठी संवाद आणि साधा लॅपटॉप असेल तर डोळे झाकून गोडॉट ४ घ्या. काम चालू असताना नवी आवृत्ती आली म्हणून लगेच उडी मारू नका. मी ४.४ वर सुरू केलं आणि त्यावरच पूर्ण करणार आहे.

प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर भरले. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी घ्यावी लागते. माझ्या यादीत आत्या, मामी, आडतीवरचे दोघं दादा आणि शेजारच्या पोरी आहेत. आजीला फोन दिला तर तिनं सगळे संवाद मोठ्यानं वाचले आणि एका ठिकाणी थांबली. "हंडा भरला असं कोण म्हणतं गं, रांगेत उभी बाई 'माझा नंबर कितवा' एवढंच विचारती." ते वाक्य मी त्याच रात्री बदललं. आज चाचणीचा सहावा दिवस आहे.