‘टेक’च्या नोंदीवर ठरतो फ्रेझल व्हर्ब्जचा कोश

इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्ब्जसाठी, म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’सारखे अव्यय जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या प्रयोगांसाठी, वेगळा लर्नर्स कोश (भाषा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश) घ्यावा का? नक्की घ्यावा, पण आधी ‘टेक’ची नोंद उघडून पाहा. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवडिलांच्या वळणावर जाणे. इथे कर्म नेहमी शेवटी येते. ‘टेक ऑफ’चे तसे नाही. विमान उडते तेव्हा कर्म लागतच नाही, आणि कोट काढताना ‘टेक ऑफ युअर कोट’, ‘टेक युअर कोट ऑफ’ दोन्ही चालते. सर्वनाम आले की मात्र ‘टेक इट ऑफ’ एवढेच बरोबर. ‘टेक ऑफ इट’ ही चूक सर्रास होते, कारण नुसत्या अर्थांच्या यादीतून कर्माची जागा कळत नाही. चांगले कोश ती जागा दुतोंडी बाणाने (↔) दाखवतात. हा बाण नसलेला कोश मी कुणालाही सुचवणार नाही.

आघाताची खूणही हवी: ‘टेक ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर, ‘लुक आफ्टर’मध्ये ‘लुक’वर.

एक उणीव बहुतेक कोशांत राहते. क्रियापदानुसार मांडणी असल्याने ‘ईट अप’, ‘यूज अप’मधला ‘संपवून टाकणे’ हा ‘अप’चा समान अर्थ विखुरतो. शेवटी अव्ययांची सूची असेल तर तोच कोश निवडा.