शस्त्रक्रियेनंतरचा शेक : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढल्यावर, श्वासनलिकेच्या कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी उरल्याचे पॅथॉलॉजीच्या अहवालात आले, म्हणून मला रेडिएशन, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत 'शेक', घ्यावा लागला. कारण आधी सांगतो, कारण या शस्त्रक्रियेनंतर सरसकट सर्वांना शेक देत नाहीत. गाठ पूर्ण निघालेली असून रोग छातीच्या मध्यभागातील लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला नसेल, तर शेकाने अपायच होतो, असे 1998 मधील अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले होते. ग्रंथींपर्यंत रोग गेलेल्या, पण गाठ पूर्ण निघालेल्या रुग्णांवरील 'लंग आर्ट' या युरोपीय चाचणीतही तीन वर्षांनी रोगमुक्त असलेले शेक घेतलेल्यांत 47 टक्के आणि न घेतलेल्यांत 44 टक्के होते. हा फरक निर्णायक मानता येण्याजोगा नव्हता. 'मला नेमका कशासाठी?' हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा.

मला 54 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा 27 दिवसांत, शनिवार-रविवार वगळून मिळाली. किरण जाणवतसुद्धा नाहीत. त्रास झाला तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहण्याचा, कारण शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा आखडला होता. खांद्याचा व्यायाम किरण नेमके कुठे द्यायचे ते आखण्यासाठीच्या सीटी स्कॅनच्या आधीच सुरू करायला हवा होता, हे मला फार उशिरा उमगले. तिसऱ्या आठवड्यापासून घास उतरताना छातीत जळजळ होई. तेव्हा मऊ भात, ताक आणि थंड दूध यांवर भागवले. तिखटाशिवाय जेवण गोड न लागणाऱ्या माणसाला ही शिक्षाच.

खरी परीक्षा मात्र शेक संपल्यावर, सुमारे अडीच महिन्यांनी आली. कोरडा खोकला, बारीक ताप आणि जिना चढताना धाप असे सुरू झाल्यावर घराजवळच्या डॉक्टरांनी संसर्ग समजून प्रतिजैविके दिली, आणि त्यात दहा दिवस गेले. नव्या सीटीतील पांढुरका भाग किरणांच्या क्षेत्राशी जुळत होता, म्हणजे ती किरणांमुळे आलेली फुप्फुसाची सूज होती. स्टिरॉइडने चार दिवसांत आराम पडला, तरी गोळ्या एकदम न थांबवता कित्येक आठवडे हळूहळू कमी कराव्या लागल्या, आणि त्या काळात साखर वाढल्याने वेगळेच पथ्य सुरू झाले.

आज दोन मजले एकदा थांबून चढतो. सीटीवर त्या जागी व्रण राहणारच, असे सांगितले आहे. तो नवा आजार समजला जाऊ नये, म्हणून किरणांच्या आराखड्याची प्रत फाइलमध्ये सर्वांत वर ठेवतो आणि कोणत्याही नव्या डॉक्टरांपुढे आधी तीच उघडतो.