बहुमत की सर्वसहमती? संस्था चालवणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीत २४ सदनिका. ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करायचं का, यावर मतदान झालं: १५ हो, ९ नाही. ठराव मंजूर झाला, वीस मिनिटांत सभा आटोपली. तिसऱ्या महिन्यात खड्डा बंद पडला. ‘नाही’ म्हणणाऱ्या घरांतून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला सगळा कचरा एकत्रच येत राहिला. अळ्या झाल्या, वास सुटला, आणि ‘हो’ म्हणणारेही वैतागले.

वर्षभराने तोच विषय पुन्हा निघाला तेव्हा आम्ही हात वर करायला सांगितलंच नाही. चार बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीत तळमजल्यावरच्या काकू पहिल्यांदा बोलल्या, “अहो, खड्डा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. कचरा वेगळा करायला मी कधी नाही म्हटलं?” मग मागच्या भिंतीशी विटांचे दोन हौद बांधले. ते आजही चालू आहेत. काकूंची खिडकी आधीच्या मतमोजणीत कुठेच दिसली नव्हती.

तुम्ही नुकतेच सोसायटीचे सचिव, बचत गटाच्या अध्यक्ष किंवा एखाद्या ट्रस्टचे विश्वस्त झाला असाल, तर बहुमताचं मतदान आणि सगळ्यांचा होकार मिळेपर्यंत बोलत राहण्याची सर्वसहमती, निर्णय घेण्याच्या या दोन रीतींतून कुठे कोणती वापरायची, हे आधी ठरवावं लागेल.

बहुमताचं मोठं बळ म्हणजे एकट्याच्या हट्टापायी सगळे अडकत नाहीत. पुनर्विकासाचंच घ्या. स्लॅबमधून सळया बाहेर आल्यात आणि एका सभासदाची सही नाही म्हणून सगळ्यांनी त्याच इमारतीत राहायचं, हे चालणारच नाही. म्हणून राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती (म्हणजे किमान तेवढ्या सभासदांची हजेरी) आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. ‘एकूण’ हा शब्द नीट वाचा. ६० सभासद असतील तर ४० हजर हवेत आणि ३१ जणांचा होकार हवा. हजर असलेल्या ४० पैकी २१ पुरत नाहीत. घर पाडण्यासारख्या निर्णयाला ही अट मला योग्यच वाटते.

सर्वसहमतीचं माझ्या माहितीतलं सगळ्यात भक्कम उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गोंड गावाची घोषणा सगळीकडे पोहोचली, पण त्यांची सभेची रीत फारशी कुणी उचलली नाही. तिथे ग्रामसभेत मतदान नाही. विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एवढं जंगल पहारेकरी नेमून राखता येत नाही. चार घरांना नियम मान्य नसेल तर रात्री कुऱ्हाड चालणारच. तिथे प्रत्येक घराचा होकार ही रोजची गरज आहे.

मेंढ्याची दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते: अभ्यास गट. विषय समजून घ्यायला वेगळी बैठक असते, तिथे बाहेरचे जाणकारही येतात, वाद घालतात. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. आपल्याकडे माहिती आणि ठराव एकाच सभेत उरकतात, म्हणून लोक मुद्दा ऐकण्याआधी बाजू धरून बसतात.

सर्वसहमतीतला खरा धोका वेळेचा नाही, गप्प बसण्याचा आहे. “कुणाची हरकत नाही ना? मग मंजूर!” असं अध्यक्षांनी घाईघाईत म्हणणं म्हणजे सर्वसहमती नव्हे. बचत गटात १० ते २० बायका असतात, एकेकीला नावाने विचारता येतं. ते जरूर करा. सुरुवात नव्या सदस्यापासून करा आणि अध्यक्षांनी शेवटी बोलावं. शंभर-दोनशे सभासद असतील तर मजल्यामजल्यावर आधी बोलून घ्यावं लागतं.

मी निवड करताना एकच बघतो: ठरावानंतर राबायचं कुणी? लिफ्टची दुरुस्ती, रंगकाम, ऑडिटरची नेमणूक ही कामं पैसे देऊन होतात. तिथे बहुमत पुरे, रेंगाळू नका. कचरा, पार्किंग, पाण्याच्या वेळा, कामाच्या पाळ्या यांत रोज प्रत्येकाला काहीतरी करावं लागतं. तिथे चार बैठका गेल्या तरी चालतील. पण किती बैठका, ते आधीच जाहीर करा. तोवर जमलं नाही तर मतदान घ्या आणि विरोध करणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहा.

आता आमच्याकडे गच्चीवरच्या सोलरचा विषय आलाय. काम कंत्राटदाराचं, म्हणजे बहुमत पुरेल असं आधी वाटलं. पण उन्हाळ्यात तिथे पाच-सहा घरांची वाळवणं असतात. पहिल्या बैठकीत त्यांनाच आधी बोलायला सांगितलंय. मतदान घ्यावं लागलंच, तर तिसऱ्या बैठकीत.